लिंबू सरबत की वाळ्याचा माठ?

नाकतोडा:
काल इथे एका महाभागाने फर्मावलं, 'दिऑरचं ओ सोवाज हे सेंट म्हणजे बाटलीतलं लिंबू सरबत. पुरुषाने गेर्लांचं व्हेटिव्हर लावावं.' रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. अहो, 1966 साली अत्तरकार रुदनित्स्काने त्या 'सरबतात' हेडिओन हे जाईच्या वासाचं रसायन घातलं, तेव्हा कुठे पुरुषांच्या सेंटात जाईची झुळूक शिरली. जाईचा गजरा नव्हे, झुळूक! आधी लिंबू, मग तुळशीच्या भावकीतलं बेसिल, आणि खाली ओकमॉसचा, म्हणजे ओकवरच्या दगडफुलाचा, ओलसर कडवटपणा. ज्याला लिंबाच्या पुढे काही येत नाही त्याने नाक दाखवून घ्यावं. आणि 2015चं सोवाज वेगळं, ते लिफ्टमध्ये माणसाच्या आधी चढतं. त्याचं पाप आमच्या माथी नको.

सदाशिवपेठकर:
महाभाग हजर आहे. ओकमॉस? सुगंधी द्रव्यांचे नियम ठरवणाऱ्या इफ्राच्या निर्बंधांनंतर त्यातला उरलाय किती? तुम्ही बाटली नाही, आठवणी हुंगताय. व्हेटिव्हर बघा: वाळा, जायफळ, तंबाखू. चौदा वर्षं लावतोय, बायकोने एकदाही नाक मुरडलेलं नाही.

नाकतोडा:
सवय झाली असेल बिचारीला.

माजघर:
वाळ्याचं निघालंच आहे म्हणून. आमच्या आजीच्या माठात वाळ्याची जुडी असायची, चार आण्यांची. तेच तुम्ही हजारो मोजून मनगटाला चोळता?

सदाशिवपेठकर:
मग माठातलं पाणी शिंपडून जा ऑफिसला.

माजघर:
टोमणे नकोत. व्हेटिव्हर हा शब्दच मुळात तमिळ, वेट्टिवेर. आपलं मूळ पॅरिसहून परत आलं की लगेच पुरुषार्थ!

अत्तरदाणी:
दोघांनी आधी रूह खस, म्हणजे वाळ्याचं अस्सल अत्तर, हुंगा. कनौजला तांब्याच्या डेगांत काढतात, हिरवट झाक त्या तांब्याची. गेर्लांचं त्यापुढे इस्त्रीच्या शर्टातलं पोर. फक्त ओळखीतून घ्या. मला एका दुकानदाराने खस म्हणून नुसतं रंगवलेलं तेल दिलं होतं. रुमाल अजून हिरवा आहे, आणि वास म्हणाल तर खोबरेलाचा.

माजघर:
रुमालाचं जाऊ द्या. नागपूरला बाबांच्या खोलीला वाळ्याचे पडदे असायचे, दर तासाला मी पाणी मारायचे. ते गेल्यावर पडदे माळ्यावर टाकले. यंदा काढले, सहज पाणी शिंपडलं, आणि मी तिथेच खाली बसले. आता मला बाटल्यांचं कौतुक सांगू नका.

सदाशिवपेठकर:
…ताई, मघाचा टोमणा मागे घेतो.

नाकतोडा:
धागा माझा, विषय ओ सोवाज, आणि रडतंय कोण कशावर! निकाल लावा कुणीतरी.

खवचट_खानू:
कसला निकाल? दिऑर आणि गेर्लां, दोन्ही एलव्हीएमएच या एकाच बड्या फ्रेंच कंपनीच्या दावणीला. कोणीही जिंका, गल्ला एकच.

सदाशिवपेठकर:
बरं, मे महिन्यात भर दुपारी ओ सोवाज चालेल. मेपुरतंच.

नाकतोडा:
उपकार झाले. आणि जूनमध्ये?

सदाशिवपेठकर:
जूनमध्ये सरबत कोण पितं?