मदत हवी आहे: घड्याळाच्या काचेत मीच दिसतोय!

मंडळी, बाबांचं एचएमटी जनता, रोज चावी द्यायचं, १७ ज्वेल्सचं (यंत्रातले खडे), सर्व्हिसिंग करून आणलं. काटे १० वाजून १० मिनिटांवर लावून फोटो काढायला बसलो आणि तिथेच घोडं अडलं.

परळच्या चाळीतली एकच खिडकी, ती बाजूला. काच ॲक्रिलिकची, फुगीर, त्यामुळे अख्खी खोली तिच्यात उतरते: खिडकीचे गज, वाळत घातलेला टॉवेल, कॅमेऱ्यामागे वाकलेला मी. ट्यूबलाइट बंद केली, पंखाही (घामाने निथळलो). काळ्या कार्डशीटला भोक पाडून लेन्स त्यातून काढली. मी गायब झालो, पण स्टीलची चकचकीत केसही (घड्याळाची बाहेरची बॉडी) काळीठिक्कर दिसायला लागली! खिडकीला बटर पेपर लावला तर डायलवर दुधाळ पडदा.

बोरा बाजारातून पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कापणारा फिल्टर) आणला. कॅमेरा तिरका, म्हणजे काचेवरच्या उभ्या रेषेपासून ५५ अंशांच्या आसपास धरला की काचेवरची चमक जाते. पण मला फोटो सरळ वरून हवाय, तिथे तो कुचकामी. स्टीलवर तर ढिम्म परिणाम नाही.

दागिन्यांचे फोटो काढणारं इथे कुणी आहे का? बटर पेपर घड्याळापासून किती लांब ठेवता? केससाठी एक आणि डायलसाठी एक असे दोन फोटो काढून जोडता, की एकातच जमतं? लाइट बॉक्स (आत वस्तू ठेवून फोटो काढायची उजेडाची पेटी) सुचवू नका, घरात तो ठेवायला जागा नाही.