बाराव्याला दादाच्या शिकारीबद्दल बोलू की नको?

मांगरवाला

नमस्कार मंडळी. मी इथे नुसता वाचत असतो, लिहायची ही पहिलीच वेळ आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. गाव कुडाळ तालुक्यात, वय ६०. माझा राखणीचा जोडीदार गेला. वयाने १८ वर्षांनी मोठा, मी त्याला दादाच म्हणायचो, पण भाताच्या राखणीला ४० वर्षं शेतातल्या एका माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसल्यावर कोण मोठा कोण लहान ते राहत नाही. आज दहावं झालं. कावळा लगेच शिवला, सगळे म्हणाले सुटला बिचारा, मागे काय इच्छा राहिली नाही. मी काही बोललो नाही. एक राहिली होती आणि ती फक्त मला माहीत आहे.

परवा बारावं. त्याचा मुलगा मुंबईला असतो, तो म्हणाला काका तुम्ही चार शब्द बोला, बाबांना तुमच्याएवढं कोणी ओळखत नव्हतं. आणि मग जरा थांबून म्हणाला, शिकारीचं जास्त नको, माझ्या ऑफिसचे लोक येणार आहेत. त्याचं पण बरोबर आहे हो. पण दादाबद्दल बोलायचं आणि बंदुकीबद्दल नाही, म्हणजे मी बोलू काय?

थोडं सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल. दादाच्या वडलांच्या वेळेपासून घरात ठासणीची बंदूक, शेती संरक्षणाच्या परवान्याची. नळीत दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं आणि शेवटी केप, म्हणजे ठिणगी पाडणारी बारकी टोपी, लावायची. एकच बार. चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर डोंगरापलीकडे. दादा म्हणायचा एक बार आहे म्हणून माणूस नीट बघतो. लहानपणी मी त्याच्या मागून हाकाऱ्यांत पळायचो, शिमग्यानंतर सगळी वाडी रानात जायची, डुक्कर मिळालं की घरटी वाटे पडायचे आणि कुत्र्यांचा वाटा आधी काढायचे. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे हळूहळू ते सगळं बंद झालं. दादाने भेकर, सांबर पूर्ण सोडलं, पिसूरी, ते इवलंसं हरीण, तर त्याने कधीच मारली नव्हती. बंदूक राहिली ती फक्त शेतासाठी. निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनला जमा करायची, तेव्हा गोणपाटात गुंडाळून आम्ही दोघं एसटीने जायचो आणि निकाल लागल्यावर परत आणायला पण दोघंच.

रान वाचायला मला त्यानेच शिकवलं. डुकराच्या खुरामागे दोन नखं उमटतात, भेकराचा माग बारीक आणि टोकदार. उकरलेली माती ओली आहे की सुकली त्यावरून किती वाजता आलं होतं ते सांगायचा. झाडाला अंग घासून चिखल लागलेला असतो, तो कमरेपर्यंत आहे की गुडघ्यापर्यंत त्यावरून जनावर केवढं ते. वारा कायम तोंडावर घेऊन बसायचं, पाठीवर वारा घेऊन बसलास तर घरी जाऊन झोप म्हणायचा. असं किती सांगू.

आता मुख्य गोष्ट. २०१६ चा दिवाळीच्या आधीचा आठवडा, भात कापायला झालेलं, आणि दोन रात्रींत डुकरांनी अर्धा मळा लोळवला. वनखात्याकडे अर्ज करून परवानगी काढलेली होती. तिसऱ्या रात्री मोठा एकल, म्हणजे एकटा फिरणारा नर डुक्कर, आला. दादाने बार काढला, लागला, पण जागेवर पडला नाही. ओरडून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूला गेला. अंधारात जखमी एकलाच्या मागे कोणी जात नाही, आम्ही उजाडायची वाट बघत बसलो. सकाळी रक्त मिळालं, भाताच्या पातीवर आणि मग व्हाळापर्यंत दगडांवर, आणि पाण्यात माग तुटला.

मी म्हटलं जाऊदे, मरेल तो. दादा म्हणाला, "आपण दुखावलेला जनावर आपणच शोधूचा." वय तेव्हा ६९, उजवा गुडघा कामातून गेलेला. तीन दिवस शोधलं. व्हाळाच्या दोन्ही काठांनी, करवंदीच्या जाळ्यांत हातापायांवर सरपटून. तिसऱ्या दिवशी दुपारी जाळीत मिळाला, मेलेला, पण फार वेळ झालेला नव्हता. म्हणजे दोन-अडीच दिवस तो तसाच जिवंत होता. बाजूची सगळी माती पायांनी खरडून काढलेली, एवढी जागा लख्ख झालेली. दादा तिथे जो खाली बसला तो अर्धा तास उठला नाही. मग गार्डला बोलावलं, पंचनामा झाला, गार्डसमोर पुरला. खड्डा दादाने स्वतः खणला, मला फावडं पण दिलं नाही.

त्यानंतर त्याने एकही बार काढला नाही. राखणीला यायचा, रोज रात्री यायचा, पण बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन. परवाना तेवढा वेळेवर रिन्यू करायचा, वडलांची वस्तू म्हणून. लोकांनी विचारलं तर म्हणायचा डोळे गेले. वाडीत सगळ्यांना तेच माहीत आहे. एकदाच माळ्यावर मला बोलला, "सांगूक होया रे पोरांका कधीतरी. माझ्याच्यान होवचा नाय."

आता मी काय करू ते सांगा. हे बाराव्याला बोलावं का? त्याने शेवटपर्यंत लपवलं ते मी माईकवर सांगणं बरं दिसतं का? की शेतकरी होता, भजनाला यायचा, मनमिळाऊ होता एवढं बोलून बसू?

सातेरीची_लेक

काका, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. माझे बाबा पण असेच, सावंतवाडीकडचे, त्यांची बंदूक माजघरात खुंटीला असायची आणि आम्हा मुलींना त्या भिंतीला टेकायची पण परवानगी नव्हती. ते गेले तेव्हा भाषणं झाली, सगळे बोलले पण त्यात माझे बाबा कुठेच नव्हते. कोणातरी चांगल्या माणसाबद्दल बोलताहेत असं वाटत होतं. आज इतक्या वर्षांनी पण ते मनात आहे.

पण एक सांगू का, आम्हाला विचारायच्या आधी तुम्ही वहिनींना विचारा. तीन दिवस नवरा चिखलात सरपटून घरी येत होता, कपडे कोणी धुतले? त्यांना काहीच माहीत नसेल असं मला वाटत नाही. आणि मुलालाही आधी एकट्याला सांगा, घरात, बसून. त्याला आपल्या बापाची ही गोष्ट सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळायला नको.

कापूसवाला_यवतमाळ

दादांना नमस्कार. आमच्याकडं रोही म्हणजे नीलगाय अन रानडुक्कर दोन्हीचा ताप, पेरल्या पेरल्या सोयाबीन उकरतात, जागलीले गेल्याशिवाय पीक हाती येत नाही. माचणावर जागून जागून माणसं आजारी पडतात, त्यामुळं कोणी डुक्कर मारलं म्हणून मी त्याले नावं ठेवणार नाही.

पण मले जे लागलं ते वेगळंच. आता लोकं काय करतात, कुंपणाच्या तारेत मेन लाईनचा करंट सोडतात अन घरी जाऊन झोपतात. सकाळी डुक्कर मेलं का वाघ मेला का शेजारचा माणूस मेला ते तवा कळतं. आमच्या भागात असे किती जीव गेले. तुमच्या कोकणात फासक्या म्हणजे तारेचे फास लावतात, त्यात बिबटे अडकतात, पेपरात फोटो येतात. फासकी लावणारा ते जनावर मरताना पाहत नाही, कोणाले शोधाले पण जात नाही. तुमच्या दादाले बार लागलेला माहीत होता अन तो तीन दिवस फिरला, तेही तसल्या गुडघ्यानं. हे पोरांले सांगा काका. आमच्या पोरांले पण सांगा. झटका मशीन घ्या म्हणून मी घसा कोरडा करतो, ती कमी करंटची असते, जीव घेत नाही, पण पैसे लागतात म्हणून लोकं ऐकत नाहीत.

बायर्नकर

मी जर्मनीत म्युनिकपासून तासाभरावर एका खेड्यात राहतो, १४ वर्षं झाली. माझा घरमालक शिकारी होता. इथे शिकार कायदेशीर आहे पण परीक्षा फार अवघड असते, आणि जनावर जखमी होऊन पळालं तर ते शोधणं शिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याला नाखझुखं म्हणतात, म्हणजे नंतरचा शोध. त्यासाठी खास रक्ताच्या मागावर जाणारी कुत्री तयार करतात. तुमच्या दादांनी कुत्र्याशिवाय, कोणी सांगितलं नसताना, कोणी बघत नसताना तेच केलं. माझ्या घरमालकाला हे सांगितलं असतं तर त्याने उठून टोपी काढली असती, खरंच सांगतो.

तो मागच्या हिवाळ्यात गेला. मी पहिल्यांदाच इथली शिकाऱ्याची अंत्ययात्रा बघितली. सगळे साथीदार हिरव्या कोटात आलेले. पेटी खाली सोडल्यावर एकेकाने सूचिपर्णी झाडाची छोटी हिरवी डहाळी खड्ड्यात टाकली, तिला शेवटची डहाळी म्हणतात. मारलेल्या जनावराच्या तोंडात पण ते अशीच डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून, म्हणजे जनावराला जो मान तोच माणसाला. मग शिंगं वाजवली, याग्ट फोरबाय नावाची धून, अर्थ शिकार संपली. त्या थंडीत ती धून ऐकताना मला गावच्या शिमग्यातला हाका आठवला आणि मी रडलो, शेजारच्या बाईने रुमाल दिला. तिथे कोणाला त्याच्या शिकारीची लाज नव्हती. तुम्ही बोला.

पानगळ

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी पुण्याहून मुलांना जंगलं दाखवायला नेतो, राधानगरी-दाजीपूरला तर दरवर्षी. मला शिकारीच्या गोष्टी ऐकवत नाहीत. बहुतेक गोष्टींत जनावर केवढं होतं आणि बार कसा बसला एवढंच असतं. पण दाजीपूरचं ते रान कोल्हापूरच्या महाराजांनी शिकारीसाठी राखलेलं होतं आणि १९५८ साली तेच राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, हे मी मुलांना दरवेळी सांगतो, कारण ते खरं आहे आणि लपवून काही मिळत नाही.

तुमच्या गोष्टीत ती खरडलेली माती आहे. ती सांगा. बाकी बार कुठे लागला, वजन किती, हे गाळा. आणि माग कसा ओळखायचा, वारा कसा घ्यायचा हे जे त्यांनी तुम्हाला शिकवलं ते कुठेतरी लिहून ठेवा, वहीत का होईना. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना खुरामागची ती दोन नखं कोणी दाखवलेली नसतात.

जुना_कारकून

भाषणाचं बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी कामाचं सांगतो कारण या गडबडीत ते राहून जातं. परवानाधारक गेला की ती बंदूक घरात ठेवता येत नाही, मुलगा असला तरी. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, त्याप्रमाणे वेळ न घालवता जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला बरोबर न्या. उरलेली दारू, केपा, छर्रे पण घरात ठेवू नका, तेही दाखवा. मुलाला पुढे हवी असेल तर तो वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करू शकतो, नको असेल तर परवाना असलेल्या माणसाला किंवा विक्रेत्याला देता येते. ते नंतर निवांत ठरवा, आधी जमा करा. दुःखात आहात, पण यात उशीर नको.

मांगरवाला

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर द्यायला जमलं नाही, घरात माणसं होती. आज बारावं झालं. काय झालं ते सांगतो.

काल संध्याकाळी वहिनींकडे गेलो. परसात बसलेल्या. मी सुरुवात केली तोच त्या म्हणाल्या, "माका म्हायत आसा." तेव्हा तीन दिवस तो जेवला नव्हता, आणि चौथ्या दिवशी पहाटे उठून तुळशीकडे किती वेळ उभा होता ते त्यांनी खिडकीतून बघितलं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. मग म्हणाल्या, "लोक म्हणतत डोळे गेले. डोळे खंय गेले हुते? गेल्या म्हयन्यापर्यंत माका सुयेत दोरो ओवून देय हुतो. सांगा तुमी."

रात्री मुलाला बसवून सांगितलं, सातेरीच्या लेकीने म्हटलं तसं. तो मध्ये काहीच बोलला नाही. शेवटी एवढंच विचारलं, ती जागा कुठे आहे. सकाळी उठून आम्ही दोघं व्हाळावर गेलो. जाळी आता खूप वाढलीय, खड्डा कुठला ते मलाही नक्की दाखवता आलं नाही. तिथून तसेच बंदूक घेऊन पोलीस स्टेशनला गेलो, गोणपाट तेच जुनं. केपांची डबी आणि दारूची पुडी पण दिली. पावतीवर त्याने सही केली. दरवेळी मी बाहेर बाकावर बसायचो आणि दादा आत सही करायचा, तसाच आज बसलो.

दुपारी बोललो. पाच-सात मिनिटं असेल. माग, वारा, एक बार, आणि मग व्हाळ. ती माती खरडलेली सांगताना आवाज गेला, थोडा थांबलो, कोणी उठलं नाही. त्याच्या ऑफिसचे लोक पण बसून होते. नंतर वाडीतला एक पोरगा, २५-२६ चा असेल, हात धुवायच्या जागी माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, काका, आमच्या काजूत तीन फासक्या लावलेल्या आहेत, आज संध्याकाळी काढतो. मी त्याला म्हटलं मी पण येतो. आत्ताच काढून आलो. एकीत साळिंदराचे काटे होते नुसते.

वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी, भात पोटरीला आलंय आणि डुकरांची उकर बांधापर्यंत आलीय. दादाचा मुलगा अजून चार दिवस आहे, आज रात्री माळ्यावर येतो म्हणालाय. बॅटरीचे सेल आणायला तिठ्यावर गेलाय. पत्र्याचा डबा वहिनींनी काढून दिला.