मनगटावरचा पहारेकरी: ठोक्यांचे इशारे चालू ठेवावेत की बंद करावेत?

मनगट_रिकामे

काल येथे एका सदस्याने लिहिले की, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर हृदयाच्या ठोक्यांचे इशारे देणारे घड्याळ असलेच पाहिजे आणि ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या घड्याळातले इशारे बंद केले असतील त्यांनी उद्या रडत बसू नये. मी ते बंद केले आहेत. तेव्हा ते वाक्य मलाच उद्देशून आहे असे धरून उत्तर देतो, आणि उत्तर लांबणार आहे.

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. गेली चाळीस वर्षे ते रोज आठ किलोमीटर चालतात आणि बसल्या जागी त्यांची नाडी पन्नासच्या आतच असते. गेल्या वर्षी आम्ही भावंडांनी हौसेने त्यांना घड्याळ घेऊन दिले. तिसऱ्याच रात्री अडीच वाजता मनगट थरथरले : दहा मिनिटे ठोके ४० च्या खाली. त्या आठवड्यात असे चार वेळा झाले. ईसीजी झाला, इको झाला, अंगावर बांधून चोवीस तास ईसीजी नोंदवणारे होल्टर लावून झाले, आणि डॉक्टरांनी सांगितले की अशा माणसाची नाडी गाढ झोपेत ३८ पर्यंत उतरण्यात काहीही वावगे नाही. अहवाल फाइलीत गेला, पण वडिलांची झोप काही परत आली नाही. ते रात्री उठतात, उशाजवळचा चष्मा चाचपतात, काच सदऱ्याला पुसतात आणि आकडा बघतात. आकडा बघायला उठल्यामुळेच तो साठवर गेलेला असतो, म्हणून तो पुन्हा खाली येईपर्यंत अंधारात बघत बसतात.

घड्याळाला आजार कळत नाही, त्याला फक्त रेघ ओलांडलेली कळते. ती रेघ कोणासाठी आखली आहे हे न बघता प्रत्येकाच्या मनगटावर ती बांधायला सांगणे म्हणजे सावधपणा नव्हे.

अखंड_सावध

ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही.

माझ्या थोरल्या भावाला ५९ व्या वर्षी पक्षाघात झाला. सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला, तो उचलायला वाकला आणि तसाच बेसिनखाली बसून राहिला. रुग्णालयात मॉनिटर लावल्यावर पहिल्या तासातच एएफ दिसले, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत लय, जिच्यामुळे रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. ते किती महिन्यांपासून होते, कोणाला ठाऊक? त्याला ना धडधड जाणवत होती, ना दम लागत होता. अनियमित नाडीचा एक इशारा वेळेवर आला असता तर रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली असती. आज तो माझे नाव घेतो तेव्हा मधले अक्षर गळते.

आपल्या वडिलांची झोप गेली याचे मला खरोखरच वाईट वाटते. पण झोप जाणे आणि वाचा जाणे एका तराजूत घालू नका.

नाडी_ते_कागद

मी एकोणीस वर्षे ईसीजी आणि होल्टर लावण्याचे काम करते. आपण दोघेही दोन वेगवेगळ्या इशाऱ्यांबद्दल भांडत आहात, हे आधी लक्षात घ्यावे. ठोके कमी किंवा जास्त झाल्याचा इशारा हा केवळ मर्यादेचा आहे. अ‍ॅपलच्या घड्याळात मूळ मर्यादा १२० आणि ४० असते आणि माणूस दहा मिनिटे स्वस्थ असताना वरची मर्यादा ओलांडली गेली तरच ते कळवते. अनियमित लयीचा इशारा मात्र ठोक्यांमधल्या अंतराचा विस्कळीतपणा पुन:पुन्हा तपासून दिला जातो. पहिल्या इशाऱ्याला कंटाळून दुसरा बंद करणारे मी रोज पाहते.

आता आकडे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपलच्या अभ्यासात ४,१९,२९७ माणसे होती. त्यांतील २,१६१ जणांना, म्हणजे सुमारे अर्ध्या टक्क्याला, अनियमित नाडीचा इशारा आला. चाळिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ०.१६ टक्के होते आणि पासष्टीपुढे तीन टक्क्यांच्या आसपास. इशारा आलेल्यांपैकी ४५० जणांनी छातीवरची ईसीजी पट्टी लावून परत पाठवली, त्यांत ३४ टक्क्यांना एएफ सापडले. या ३४ वरून "बाकीचे ६६ खोटे" असे म्हणू नये, कारण पट्टी इशाऱ्यानंतर काही दिवसांनी लागली होती आणि एएफ येते-जाते. पट्टी अंगावर असतानाच पुन्हा इशारा आला, तेव्हा मात्र ८४ टक्के वेळा तो बरोबर निघाला.

मनगट_रिकामे, आपल्या वडिलांच्या होल्टरबद्दल एक सांगते. घड्याळ हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्ताची लाट मोजते, हृदयातली वीज मोजत नाही. काहींना एकाआड एक जादा ठोका पडतो. तो इतका लवकर पडतो की रक्ताची लाट मनगटापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी हृदय ७६ वेळा आकुंचन पावत असते आणि घड्याळ ३८ दाखवते. तेव्हा ते होल्टर फुकट गेले असे समजू नका; हे नाही ना, तेच त्याने पाहिले.

गळ्यातली_गाठ

मला बसल्या जागी १२४ चा इशारा आला. वय ३४. घरात सगळ्यांनी सांगितले की कामाचा ताण आहे, आणि माझ्या पहिल्या डॉक्टरांनीही मान वर न करता तेच सांगितले. घड्याळ दाखवल्यावर तर "ते खेळणे काढून ठेवा" म्हणाले. पाच महिन्यांत सात किलो वजन घटले होते आणि हात इतका थरथरत होता की सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण ते कोणी विचारलेच नाही. मी त्या आठवड्याचा आलेख कागदावर छापून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेला. झोपेतसुद्धा नाडी ९५ च्या खाली उतरत नव्हती. त्यांनी आलेख पाहिला, गळा चाचपला आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याचे निदान दोन दिवसांत झाले.

ताणाने वाढलेली नाडी झोपेत बहुधा उतरते, माझी उतरत नव्हती. हे मी तोंडी सांगितले असते तर कोणी ऐकले असते का? म्हणून "घड्याळे भीती पसरवतात" हे वाक्य ऐकले की माझे डोके तडकते. बाईच्या धडधडीला ताण हे नाव द्यायला कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही.

पहाट_पाऊल

चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ दुखणे कोणी बोलत नाही. ही घड्याळे "कमाल ठोके ओलांडले" असा इशारा देतात, तो कशाच्या आधारावर? २२० उणे वय! मी ५८ वर्षांचा आहे, म्हणजे माझी कमाल १६२. चढावर धावताना मी दर आठवड्याला १७४ ला जातो आणि दर आठवड्याला घड्याळ मला मरणाची सूचना देते. हे सूत्र सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इकडून-तिकडून गोळा केलेल्या आकड्यांतून ओढलेली ढोबळ रेघ आहे. २००१ मध्ये २०८ उणे वयाच्या ०.७ पट हे सुधारलेले सूत्र आले, त्यानेही माझी कमाल १६७ च येते, कारण माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक असतोच. सूत्र सरासरीचे, इशारा मात्र मला!

शंकासूर

पहाट_पाऊल, आपली १७४ ही नाडी आहे याची खात्री आहे का? धावताना हात हलतो, पट्टा सैल असतो आणि घड्याळ रक्ताच्या लाटेऐवजी पावलांचा ताल पकडते, हा या यंत्रांचा जुना दोष आहे. मिनिटाला १७० ते १८० पावले ही धावकाची अगदी नेहमीची गती आहे. आपण हृदयाचा अभिमान बाळगत आहात, पण तो बहुधा बुटांचा असावा.

पहाट_पाऊल

मी तेवीस वर्षे धावतो आहे. मला पावले आणि ठोके यांतला फरक कळत नाही असे आपल्याला वाटते? १७४ हा आकडा छातीच्या पट्ट्याचा आहे. छातीचा पट्टा हृदयाची वीज मोजतो, त्याला पावलांशी देणेघेणे नसते. आणि चढावर माझी पावले मिनिटाला १५० च्या वर जात नाहीत, मी मोजली आहेत. न धावणाऱ्यांनी धावणाऱ्यांना शिकवण्याची ही सवय कधी सुटणार?

शंकासूर

पट्टा छातीचा होता हे आपण आधी लिहिले नव्हते. त्यामुळे १७४ मान्य. मग मनगटाच्या घड्याळावर आपलाच विश्वास नाही, म्हणून आपण छातीला दुसरे यंत्र बांधता, हेही मान्य करून टाका.

पहाट_पाऊल

धावताना नाही, विश्रांतीत आहे. हात स्थिर असेल तर मनगटावरचा आकडा बऱ्यापैकी बरोबर येतो. थंडीत बोटे गार पडली, पट्टा सैल राहिला, मनगटावर गोंदण असले की गडबड होते. मला राग त्या १६२ चा आहे. माझ्या बायकोने त्या इशाऱ्यापायी दोन महिने मला चढावर धावू दिले नाही. मी आधीच ताणचाचणी (व्यायाम करवत घेतलेला ईसीजी) करून घेतलेली होती आणि तिचा अहवाल कपाटात होता, तरीही! यंत्र बोलले की घरातला माणूस खोटा ठरतो.

नाडी_ते_कागद

२२० चे सूत्र ताणचाचणीच्या खोलीतही भिंतीवर लटकलेले असते; माणसाची नाडी त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचली की आम्ही नोंद करतो, पण तिथे सगळे थांबवत नाही. माणूस बोलतो आहे का, छातीत दुखते आहे का, रक्तदाब पडतो आहे का, हे पाहून ठरवतो. घड्याळाला यांपैकी काहीही दिसत नाही. दिसते ते ठोके, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हृदयविकाराचा झटका त्याला ओळखता येत नाही. छातीत कळ येत असताना "घड्याळ तर काही म्हणत नाही" म्हणून घरी बसून राहिलेला एक गृहस्थ मी पाहिला आहे. इशाऱ्याला घाबरणाऱ्यांपेक्षा इशारा आला नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. आता कृपया धावणे पुरे.

शंकासूर

मुद्द्यावर येतो. अखंड_सावध, आपल्या भावाबद्दल वाचून वाईट वाटले, पण "इशारा आला असता तर पक्षाघात टळला असता" हे वाक्य आपण जितक्या सहज लिहिले तितके ते सोपे नाही. २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या लूप अभ्यासात ७० ते ९० वयाच्या सहा हजारांवर माणसांपैकी दीड हजारांच्या त्वचेखाली सतत नोंद करणारे यंत्रच बसवले होते. मनगटावरच्या घड्याळापेक्षा कितीतरी पक्के. त्यांच्यात एएफ ३१.८ टक्के जणांत सापडले, नेहमीच्या देखरेखीत १२.२ टक्के जणांत. गोळ्याही जास्त जणांना सुरू झाल्या. पक्षाघाताचे प्रमाण मात्र ४.५ विरुद्ध ५.६ टक्के असे राहिले, आणि हा फरक निर्णायक म्हणण्याइतका नव्हता. जे शोधले ते सगळेच धोक्याचे नसते. काही मिनिटांचे एएफ आणि दिवसेंदिवस चालणारे एएफ यांत अंतर आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने रक्तस्रावही होतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही लक्षणे नसलेल्यांमध्ये एएफ शोधत फिरण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध सांगण्याइतका पुरावा नाही, असेच म्हटले.

आणि २०२० च्या एका वैद्यकीय टिपणातली एएफची सत्तर वर्षांची रुग्ण आठवा, जिने एका वर्षात घड्याळावर ९१६ वेळा ईसीजी काढला. मनगट_रिकामे यांचे वडील त्याच वाटेवर आहेत.

अखंड_सावध

आपण सहा हजारांची सरासरी सांगता. माझ्या घरात एकच भाऊ आहे. "पुरावा अपुरा" याचा अर्थ "फायदा नाही" असा होत नाही, हे आपल्यासारख्या आकडेबहाद्दराला मी सांगावे लागते याचीच गंमत वाटते. लूपमधली माणसे सरसकट निवडलेली होती. माझ्या भावाला रक्तदाब होता, मधुमेह होता आणि वजनही होते. अशा माणसाला इशारा आला असता तर डॉक्टरांनी गोळी दिली असती की नसती?

नाडी_ते_कागद

लूपमधल्या लोकांनाही रक्तदाब, मधुमेह, हृदय निकामी होणे किंवा आधीचा पक्षाघात यांपैकी किमान एक होतेच, ते "सरसकट" निवडलेले नव्हते. पण आपला प्रश्न रास्त आहे. ईसीजीवर एएफ पक्के झाले असते तर रक्तदाब आणि मधुमेह पाहता गोळीची चर्चा नक्की झाली असती. पक्षाघात टळला असता असे मी म्हणणार नाही. संधी मिळाली असती, एवढे म्हणेन.

अखंड_सावध

एवढेच म्हणायचे होते मला, पहिल्या दिवसापासून. "चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण" हे शब्द जरा सढळ हाताने पडले असतील. रक्तदाब किंवा मधुमेह असलेले पासष्टीपुढचे लोक, असे वाचा. आता तरी मनगट_रिकामे यांचे समाधान झाले असावे, अर्थात त्यांचे समाधान करणे माझे काम नव्हे.

मनगट_रिकामे

समाधान झाले नाही, पण काल रात्री घड्याळ हातात घेऊन बसलो. कमी ठोक्यांचा इशारा बंदच ठेवला आहे. नाडी_ते_कागद यांच्यामुळे अनियमित लयीचा इशारा मात्र चालू केला, आणि जास्त ठोक्यांचाही, गळ्यातली_गाठ यांच्यामुळे. वडिलांच्या रक्तदाबाची गोळी चार वर्षे चालू आहे, हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवे होते. लिहिले नाही, कारण तेव्हा ते माझ्या बाजूचे नव्हते. झोपेसाठी मी तोडगा काढला आहे : रात्री घड्याळ चार्जिंगला, दुसऱ्या खोलीत.

शंकासूर

उत्तम. फक्त अनियमित लय घड्याळ माणूस स्वस्थ पडलेला असताना तपासते, आणि आपले वडील दिवसभर चालतात. ज्या आठ तासांत ते काही सापडू शकले असते, नेमके तेच आपण दुसऱ्या खोलीत ठेवले आहेत.

मनगट_रिकामे

वडील दुपारी दीड तास झोपतात. घड्याळ तेव्हा हातात असते, आणि चष्मा समोरच्या टेबलावर.