इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक कुशल की अर्धकुशल? पदनाम, पात्रता आणि अनुभव प्रमाणपत्राविषयी

बुटीबोरी_लूप यांचा प्रश्न

नमस्कार. मी बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका रसायन प्रकल्पात ठेकेदाराच्या हजेरीपटावर नऊ वर्षांपासून काम करतो आहे. दहावीनंतर आयटीआयमधून ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा ट्रेड केला, पुढे एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली आणि त्याचे राष्ट्रीय प्रमाणपत्रही माझ्याकडे आहे.

माझी अडचण अशी आहे की, एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावे पडली आहेत. गेटपासवर ‘हेल्पर’ लिहिलेले आहे, वेतनचिठ्ठीवर ‘अर्धकुशल’, आणि रोज सकाळी निघणाऱ्या कामाच्या परमिटवर (काम सुरू करण्याच्या परवानगीपत्रावर) मात्र सही करताना माझ्या नावापुढे ‘इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात दाब, पातळी, प्रवाह आणि तापमान यांच्या ट्रान्समीटरचे (मोजलेले मूल्य विद्युत संकेताने नियंत्रण कक्षाला कळवणाऱ्या उपकरणाचे) कॅलिब्रेशन म्हणजे अचूकतेची तपासणी व दुरुस्ती, कंट्रोल व्हॉल्व्ह हवा तेवढाच उघडणाऱ्या पोझिशनरची जुळणी, शटडाऊननंतरचे लूप चेकिंग, म्हणजे उपकरणापासून नियंत्रण कक्षापर्यंतच्या संकेतमार्गाची तपासणी, ही कामे मी स्वतः करतो आणि नवीन मुलांना शिकवतोही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो होतो. तांत्रिक प्रश्नांची उत्तरे नीट दिली, परंतु अनुभवाचा कागद पाहताच त्यांनी सांगितले की, ‘हेल्पर, विद्युत विभाग’ हा अनुभव इन्स्ट्रुमेंटेशनचा धरता येणार नाही. नऊ वर्षांचे काम एका ओळीने पुसले गेले, याचे मला फार वाईट वाटले.

माझ्या कामाचे वर्गीकरण नेमके कशावरून ठरते आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाला असतो, हे मला समजून घ्यायचे आहे. आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारी यांच्या बळावर मला टेक्निशियनच्या जागेवर दावा सांगता येतो की पदविका करणे भाग आहे, हेही कृपया सांगावे.

कोराडी_रस्ता (निवृत्त) यांचे उत्तर

भाऊ, मी औष्णिक वीज केंद्रांच्या नियंत्रण व उपकरणन विभागात आयुष्य काढले आहे, म्हणून आधी कामाविषयी बोलतो. कायद्याचे जाणकार इथे दुसरे आहेत.

कुशल आणि अर्धकुशल यांतला फरक हातातल्या पान्यावरून ठरत नाही. दाखवलेल्या जागी ट्यूबिंग वाकवणे, ग्लँड घट्ट करणे, केबलला फेरुल चढवणे ही कामे सहा महिन्यांत कोणीही शिकतो आणि ती अर्धकुशल म्हटली तर मी वाद घालणार नाही. परंतु ४ ते २० मिलिअँपिअरच्या लूपमध्ये (४ म्हणजे शून्य टक्के, २० म्हणजे शंभर टक्के) १२ मिलिअँपिअर दिसत असताना प्रत्यक्ष पातळी पन्नास टक्के आहे की नाही, आणि नसेल तर चूक ट्रान्समीटरची, त्याच्यापर्यंत दाब आणणाऱ्या बारीक नळीची (इम्पल्स लाइन), केबलची की नियंत्रण कक्षातील कार्डाची, हे शोधून काढणे म्हणजे निर्णय घेणे होय. जो असा निर्णय स्वतः घेतो आणि त्याची जबाबदारी सही करून स्वीकारतो, तो कुशल कामगार आहे.

एक प्रसंग सांगतो. बॉयलरच्या ड्रमची पातळी मोजणाऱ्या ट्रान्समीटरच्या एका बाजूला पाण्याने भरलेला स्थिर स्तंभ असतो आणि त्या स्तंभाच्या तुलनेत ड्रममधील पाणी मोजले जाते. एका नवख्या मुलाने मॅनिफोल्डच्या, म्हणजे ट्रान्समीटरला जोडलेल्या व्हॉल्व्हच्या संचाच्या, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडे असतानाच दोन्ही बाजू एकमेकींना जोडणारा मधला इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडला. स्तंभातले पाणी दुसऱ्या बाजूला निघून गेले, दोन बाजूंतला दाबाचा फरक घटला आणि ट्रान्समीटर पातळी खरीपेक्षा जास्त दाखवू लागला. हा संकेत खरा मानला गेला असता, तर नियंत्रण प्रणालीने ड्रमचे पाणी कमी केले असते आणि बॉयलर कोरडा पडण्याच्या दिशेने गेला असता. तीन ट्रान्समीटरपैकी मधले मूल्य धरण्याची व्यवस्था होती, म्हणून उरलेल्या दोघांनी सांभाळून घेतले. त्या मुलाला पाना नीट धरता येत होता. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने आणि का, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

म्हणून माझा आग्रह असा की, आपण केलेल्या कामाचा तपशील स्वतःजवळ नोंदवून ठेवा. कॅलिब्रेशनच्या नोंदपत्रकावर ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्क्यांची चढती व उतरती वाचने असतात आणि खाली करणाऱ्याची सही असते. परमिटवरही सही असते. हे कागद कंपनीचे असल्यामुळे परवानगीशिवाय त्यांच्या प्रती बाहेर नेऊ नयेत. परंतु तारीख, उपकरणाचा प्रकार आणि आपण केलेले काम एवढे आपल्या वहीत लिहिण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. माझ्या काळात अशी वही ठेवणारी माणसे मुलाखतीत कधी अडखळली नाहीत.

आस्थापना_हिंगणा यांचे उत्तर

मी हिंगणा परिसरातील कारखान्यांच्या कामगारविषयक नोंदी पाहतो. आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळी वर्गीकरणे एकमेकांत मिसळली आहेत आणि बहुतेक ठिकाणी गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिले वर्गीकरण वेतनाचे. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा श्रेणी असतात, तर केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांमध्ये अतिकुशल ही चौथी श्रेणीही असते. आपल्या उद्योगाच्या अधिसूचनेत कोणती कामे कोणत्या श्रेणीत येतात, ते आधी वाचावे. वेतनचिठ्ठीवरील ‘अर्धकुशल’ हा शब्द ठेकेदाराने लिहिला म्हणून अंतिम ठरत नाही. श्रेणी चुकीची लावली गेली असेल, तर मूळ वेतनातील तफावत वर्षानुवर्षे साचत जाते आणि भविष्य निर्वाह निधीलाही तीच झळ बसते.

दुसरे वर्गीकरण व्यवसायांचे. ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’ मध्ये प्रत्येक व्यवसायाला आठ अंकी संकेतांक आहे आणि त्याचे पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळतात. ७३११ हा गट सूक्ष्म उपकरणे बनवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्यांचा आहे, ७४२१ इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकांचा, ७४१२ विद्युत मेकॅनिक व फिटर यांचा, तर ३१३९ हा अन्यत्र न मोडणाऱ्या प्रक्रिया नियंत्रण तंत्रज्ञांचा. पहिला अंक महत्त्वाचा आहे. सातव्या विभागातील कामांना दुसऱ्या पातळीचे कौशल्य लागते असे धरले जाते आणि तिसऱ्या विभागातील कामांना तिसऱ्या पातळीचे. हेल्परची नोंद नवव्या, म्हणजे प्राथमिक कामांच्या विभागात जाते, जिथे पहिलीच पातळी आहे. आपले काम पाहता ती नोंद उघडपणे चुकीची आहे. मात्र या संकेतांकावरून वेतन ठरत नाही. त्याचा उपयोग प्रामुख्याने रोजगार नोंदणी, सांख्यिकी आणि अभ्यासक्रमांची सांगड यांसाठी होतो.

तिसरे वर्गीकरण पात्रतेचे, त्याविषयी इथले शिक्षक अधिक नेमके सांगतील.

आता अधिकाराविषयी. वाद निर्माण झाल्यास न्यायालये पदनामाकडे न पाहता कामगार प्रत्यक्षात प्रामुख्याने कोणते काम करतो हे पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व अनेक निकालांत मांडले आहे. चारही श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देण्याची तरतूद आहे. आपल्यासाठी त्याहून उपयोगी आहे ते कलम ५६. कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास ठेकेदाराने त्याला अनुभव प्रमाणपत्र द्यावे आणि त्यात त्याने केलेल्या कामाचा तपशील असावा, असे ते कलम सांगते. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. एक प्रत मुख्य नियोक्त्याच्या, म्हणजे आपण जिथे काम करता त्या प्रकल्पाच्या, मनुष्यबळ विभागाकडे द्या. अर्जाची भाषा तक्रारीची न ठेवता मागणीची ठेवावी, असे मला अनुभवाने वाटते.

बुटीबोरी_लूप

आपणा दोघांचे मनापासून आभार. कलम ५६ विषयी मला काहीही माहीत नव्हते. एक शंका उरते. माझ्या आयटीआय अभ्यासक्रमावर पात्रता पातळी ५ अशी होती, तर माझ्या हाताखाली आलेल्या नव्या मुलाच्या त्याच ट्रेडच्या अभ्यासक्रमावर ४ आहे. मी त्याच्या वरच्या पातळीवर आहे असे समजायचे का?

निदेशक_श्रद्धानंदपेठ यांचे उत्तर

नाही, तसे समजू नये. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात दोन वर्षांचे ट्रेड पूर्वी पाचव्या पातळीवर होते. २०२२ च्या सुधारणेत त्यांना चौथी पातळी देण्यात आली. ट्रेड तोच, कालावधी तोच, फक्त मोजपट्टीवरील खूण हलली. मुलाखतीत कोणी या आकड्यावरून आपल्याला वर किंवा खाली ठरवत असेल, तर अभ्यासक्रमाचे वर्ष दाखवून शांतपणे समजावून सांगावे.

आपल्याकडे आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि शिकाऊ उमेदवारीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र असे दोन्ही कागद आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. पहिला कागद आपण शिकलात हे सांगतो, तर दुसरा प्रत्यक्ष कारखान्यात, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली काम करून परीक्षा दिलीत हे सांगतो. माझे कित्येक विद्यार्थी पहिला कागद हाती पडताच मिळेल त्या कामावर जातात आणि शिकाऊ उमेदवारी सोडून देतात. घरची निकड मी समजू शकतो, परंतु दहा वर्षांनी हीच मुले तो दुसरा कागद शोधत माझ्याकडे परत येतात, तेव्हा मला खरोखर हळहळ वाटते.

पदविकेविषयी विचारलेत. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाचा मार्ग उपलब्ध आहे, म्हणजे तीनऐवजी दोन वर्षे. मेकॅनिक किंवा टेक्निशियनच्या ज्या जाहिरातीत आयटीआयच्या ट्रेडचे नाव लिहिलेले असते, त्या जागेसाठी पदविकेची गरज नाही. कनिष्ठ अभियंता किंवा पर्यवेक्षक व्हायचे असेल तर मात्र पदविका लागते, आणि तिथे अनुभव कितीही असला तरी तो पदविकेची जागा भरून काढत नाही. आपण पुढील पंधरा वर्षे कुठे पाहता, त्यावर हा निर्णय अवलंबून ठेवा.

शहरात ठिकठिकाणी चालणाऱ्या पीएलसीच्या (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) अल्पमुदतीच्या वर्गांविषयी माझे मत वेगळे आहे. त्यातून हाताला सराव मिळतो, त्यामुळे शिकण्यासाठी अवश्य जावे. परंतु ते प्रमाणपत्र म्हणजे पात्रता नव्हे, आणि त्याच्या जोरावर श्रेणी बदलेल अशी आशा कोणी ठेवू नये. आपल्याबरोबर आयटीआय न केलेले, केवळ कामावर शिकलेले सहकारी असतील, तर त्यांना पूर्वकौशल्याच्या मान्यतेची योजना आणि खासगी उमेदवार म्हणून व्यवसाय चाचणीला बसण्याची सोय यांविषयी जरूर सांगा.

वर्धा_रोड_डीसीएस यांचे उत्तर

मी पदविकाधारक असून नियंत्रण कक्षात काम करतो. निदेशक सरांशी मी सहमत आहे, केवळ एक पुरवणी जोडतो. परदेशाचा विचार असेल तर कामाचा तपशील आणखी बारकाईने तपासला जातो. कॅनडाच्या वर्गीकरणात औद्योगिक उपकरण तंत्रज्ञ व मेकॅनिक यांना २२३१२ हा स्वतंत्र संकेतांक आहे आणि हा तिथल्या ‘रेड सील’ (सर्व प्रांतांत मान्य असलेले कौशल्य-प्रमाणन) व्यवसायांपैकी एक आहे. अनुभवपत्रातील कामे त्या संकेतांकाखालील कामांशी जुळतात का, हे तिथे पाहिले जाते. ‘हेल्पर’ असे लिहिलेला कागद पुढे करून तिथे काहीच साधणार नाही, त्यामुळे आधी इथला कागद दुरुस्त होणे आवश्यक आहे.

बुटीबोरी_लूप

मी अर्जासोबत प्रमाणपत्राचा मसुदाही देण्याचे ठरवले आहे. त्यातील मुख्य वाक्य असे लिहिले आहे: ‘सदर कामगार यांनी या कालावधीत प्रकल्पातील फील्ड इन्स्ट्रुमेंटची देखभाल व दुरुस्ती केली असून त्यांचे काम समाधानकारक होते.’ यात काही सुधारणा हवी असल्यास कृपया सुचवावी.

कोराडी_रस्ता (निवृत्त)

‘देखभाल व दुरुस्ती’ यात हेल्परचे कामही बसते, म्हणून ते वाक्य बदला. माझ्या मते असे लिहावे: ‘सदर कामगार यांनी दाब, दाबफरक, पातळी व तापमान यांच्या ट्रान्समीटरचे पाच बिंदूंवर कॅलिब्रेशन, कंट्रोल व्हॉल्व्ह व पोझिशनर यांची जुळणी, तसेच फील्डपासून नियंत्रण कक्षापर्यंत लूप चेकिंग व दोषशोधन ही कामे स्वतंत्रपणे केली आणि या कामांच्या परमिटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून सही केली.’ ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द ठेकेदार खोडू पाहील. तो राहू द्यावा यासाठी परमिटच्या नोंदवहीचा उल्लेख करा, कारण ती नोंदवही प्रकल्पाच्या सुरक्षा विभागाकडे असते आणि तिच्यातील सही आपलीच आहे.