समोरच्या दारावरचा आठकोनी आरसा

बी ५०४ : नमस्कार सोसायटी ग्रुप. कुणावर आरोप करायचा हेतू नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. काल संध्याकाळपासून ५०३ च्या चौकटीवर लाल-हिरव्या काठाचा एक आठकोनी आरसा लागलाय. तो बरोबर आमच्या दारावर रोखलेला आहे. सासूबाई सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडून तशाच मागे फिरल्या. आपल्यावर कुणीतरी काहीतरी केलंय असं त्यांच्या मनानं घेतलंय. हा काय प्रकार आहे?

बी ५०३ : ताई, आधी माफी मागते. तुम्हाला त्रास व्हावा असं स्वप्नातही आलं नव्हतं. आम्ही जूनमध्ये राहायला आलो आणि तेव्हापासून एकेक चालूच आहे. ह्यांची नोकरी गेली. ऑगस्टपासून मुलीला रात्रीची झोप नाही, सारखी सर्दी, शिंका. ओळखीतून एक फेंगशुईचे सल्लागार आले. मोबाइलवर दिशा बघितली आणि म्हणाले, दार दक्षिणेला आहे, वाईट ऊर्जा थेट आत येते. आरसा, हसरा बुद्ध, तीन पायांचा बेडूक, बांबूचं रोप असा संच दिला. ११,००० रुपये झाले.

ए १०३ : दक्षिण ही यमाची दिशा, हे आपल्याकडे पूर्वापार मानतात. आमच्या वडिलांनी दक्षिणेच्या दाराचं घर स्वस्तात मिळत असूनही घेतलं नव्हतं. त्यामुळे सल्लागार चुकला असं मला म्हणवत नाही.

सी ६०१ : काका, तुमच्या श्रद्धेचा मान राखून सांगतो. दाराच्या दिशेमुळे नोकरी जाते याला कसलाही पुरावा नाही. घरात पगार येत नसताना कुणी ११,००० रुपये घेऊन जातो, याची मला चीड येते.

बी ५०३ : दादा, पुरावा नाही हे मलाही कळतं. पण रात्री दोन वाजता मूल रडत बसतं तेव्हा कुणी काहीही सांगितलं तरी करून बघावंसं वाटतं.

बी ७०२ : ५०३, तुझं बोलणं वाचून राहवलं नाही. मी ११ वर्षं हाँगकाँगला होते. तिथे फेंगशुई रोजच्या जगण्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. लांबेल, पण वाच.

पहिली गोष्ट आरशाची. त्याला बाग्वा आरसा म्हणतात. तो घराबाहेरच लावतात आणि समोर खरोखर काही अंगावर येणारं असेल तरच : एखाद्या इमारतीचा टोकदार कोपरा, सरळ दारावर येणारा रस्ता. त्याला ते ‘शा ची’ म्हणतात, म्हणजे मारक ऊर्जा; ‘ची’ म्हणजे ऊर्जा. आरसा ती परतवतो अशी समजूत आहे. म्हणजेच तो ज्याच्याकडे रोखाल त्याच्याकडे ती जाते. म्हणून शेजाऱ्याच्या दाराकडे तो लावणं तिथे भांडणाचंच कारण ठरतं. समोरचाही आपला आरसा आणून लावतो. ५०४ च्या आजींना जे वाटलं, तेच हाँगकाँगमधल्या कुठल्याही आजीला वाटलं असतं.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते इथे. दक्षिणेचं दार अशुभ, हा आपल्या वास्तूतला समज. चीनमध्ये नेमकं उलट आहे. तिथे घराचं तोंड दक्षिणेला असावं, हीच शतकानुशतकांची इच्छा. बीजिंगचा राजवाडा १४२० मध्ये पुरा झाला, तो दक्षिणाभिमुख आहे. त्याच्या पाठीशी उत्तरेला डोंगर नव्हता, तर खंदकाची माती टाकून साधारण ४५ मीटरची टेकडी उभी केली आणि पुढून पाणी खेळवलं. पाठीशी कासव म्हणजे डोंगर, डावीकडे हिरवा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ, पुढे लाल पक्षी आणि मोकळं अंगण, असं हे चित्र. आरामखुर्चीसारखं समज : पाठ टेकायला उंच, दोन्हीकडे हात, पुढे मोकळं. शिवाय हे लोक २० वर्षांचं एक पर्व मानतात. २०२४ पासून नववं पर्व सुरू झालं. नऊचं तत्त्व अग्नी आणि दिशा दक्षिण. म्हणजे सल्लागारानं भीती वास्तूची घातली आणि उपाय चिनी विकला.

ए १०३ : हे मला माहीत नव्हतं. मग दोघांपैकी खरं कोण?

बी ७०२ : काका, दोघंही आपापल्या जमिनीवर उभे आहेत. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. ग्वो पूच्या नावावर असलेला एक जुना ग्रंथ आहे, तो माणूस तिसऱ्या-चौथ्या शतकातला. ग्रंथ घराचा नाही, दफनाच्या जागेचा. त्यात म्हटलंय की ची वाऱ्यावर विखुरते आणि पाण्याशी येऊन थांबते. म्हणजे वारा अडवायचा, पाणी जवळ ठेवायचं. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सैबेरियाकडून हाडं गोठवणारा वारा येतो, तिथे पाठीशी डोंगर हवाच.

ए ९०१ : मी आर्किटेक्ट म्हणून यात भर घालतो. बीजिंग ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरा. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी बीजिंगचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंशांवर असतो, आपल्याकडे ४८ वर. तिथे दक्षिणेची खिडकी म्हणजे थंडीतली शेगडी. आपल्याला वर्षातले बरेच महिने उन्हापासून लपायचं असतं. जूनमध्ये तर सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो, आणि पावसाचा झोत नैऋत्येकडून येतो. त्यामुळे तिथला नियम उचलून पुण्यात आणला तर त्याचं कारण मागेच राहतं. पुण्यात मी गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी पश्चिमेची भिंत विचारतो. दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते.

अजून एक. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी सेफ्टी डोअरपाशी किंवा लिफ्टजवळ धरलं तर सुई भरकटते. आपल्या मंजूर नकाशावर उत्तर दाखवलेली आहे. बी विंग रस्त्याच्या कलानं साधारण २० अंश पूर्वेकडे फिरलेली आहे. ५०३ चं दार सरळ दक्षिणेला नाहीच.

बी ७०२ : वा! हे तर फार महत्त्वाचं. त्यांच्या ल्वोपानवर, म्हणजे त्या गोल होकायंत्रावर, १५-१५ अंशांचे २४ भाग असतात. २० अंशांचा फरक म्हणजे भागच बदलला. हाँगकाँगचे जाणते लोक ल्वोपान घेऊन इमारतीबाहेर उभे राहून, लोखंडापासून लांब जाऊन, दोन-तीनदा मोजतात. शिवाय उंच इमारतीत फक्त फ्लॅटचं दार बघत नाहीत, इमारतीचं तोंड कुठे आहे ते बघतात. तिथलं डिस्नेलँड २००५ मध्ये उघडलं तेव्हा सल्ल्यावरून प्रवेशद्वार १२ अंश फिरवलं होतं. अंशाअंशाची ही गोष्ट आहे.

ए ४०४ : एक विनंती आहे. आमच्या घरी रोज तथागतांची वंदना होते. मुलं शाळेतून येऊन विचारतात, तो पोटवाला बुद्ध आपलाच का? दुकानात त्याला बुद्ध म्हणून विकतात ते मनाला लागतं. ५०३ ताई, तुम्हाला दोष नाही, तुम्ही सांगितलं तसं आणलंत. पण तो कोण हे ग्रुपवर कळायला हवं.

बी ७०२ : दादा, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. तो बुदाई. दहाव्या शतकातला फिरस्ता चिनी भिक्खू, पाठीवर कापडी पोतं घेऊन हिंडणारा. नावाचा अर्थच कापडी पिशवी. पुढे लोक त्याला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा अवतार मानू लागले. सिद्धार्थ गौतम तो नव्हे. आणि जुन्या पद्धतीची फेंगशुई जागा, दिशा आणि काळ यांची आहे. बेडूक, नाणी, मूर्ती ही बरीचशी नंतरच्या बाजाराची भर.

ए ४०४ : धन्यवाद ताई. आज घरी हेच सांगेन.

सी २०४ : बांबूबद्दल मी सांगते, झाडं माझा विषय. तो बांबू नाहीच. ड्रॅसिना, मूळ मध्य आफ्रिकेचा. चांगलं सोशिक झाड आहे, टाकू नका. फक्त भांड्यातलं पाणी आठवड्याला पूर्ण बदला आणि भांडं आतून घासा, नाहीतर डासांची अंडी. मागच्या पावसात आपल्याकडे डेंग्यूचे तीन पेशंट झाले होते.

बी ५०३ : अगं बाई, मी तर दोन आठवडे नुसती भर घालत होते. आत्ता बदलते.

बी ७०२ : ५०३, आता मला तुझ्या मुलीच्या खोलीबद्दल सांग. पलंग कुठे आहे? खिडकी कुठे? वर बीम आहे का?

बी ५०३ : पलंगाचं डोकं पश्चिमेच्या भिंतीला. डोक्यावर बीम येतो. खिडकीही त्याच भिंतीत, पण तिथे कपाट लावलंय, त्यामुळे अर्धीच उघडते. दार पायाशी नाही, डोक्यामागच्या कोपऱ्यात येतं. पलंगासमोर ड्रेसिंग टेबलचा आरसा. आणि बाथरूमकडच्या भिंतीला ओल आहे, पोपडे निघालेत.

ए ९०१ : ती पश्चिमेची भिंत! संध्याकाळी सातला हात लावून बघा, गरम लागेल. त्या भिंतीला डोकं लावून लेकरू झोपतंय, वारा कपाटानं अडवलाय, शेजारी ओल. झोप कशी लागेल?

बी ७०२ : माझी हाँगकाँगची घरमालकीण सत्तरीची होती. आमच्या घरात पहिल्यांदा आली तेव्हा तिनं एकही वस्तू आणायला सांगितली नाही. खिडक्या उघडल्या, पलंग ओढायला लावला. तिचे नियम मला पाठ झालेत. झोपल्या जागेवरून दार दिसलं पाहिजे, पण पाय दाराच्या सरळ रेषेत नकोत. डोक्यामागे भक्कम भिंत. वर बीम नको. समोर आरसा नको, रात्री जाग आली की आपलीच हालचाल बघून दचकायला होतं. तुटकं घड्याळ, गळका नळ घरात ठेवायचा नाही. गळका नळ तर तिला सहनच होत नसे, पाणी म्हणजे पैसा वाहून चालला म्हणायची. ची वगैरे मानू नकोस हवं तर. मुलीला दार दिसलं की ती निवांत झोपेल, हे आईला पटायला ग्रंथ लागत नाही.

सी ६०१ : या सगळ्याला माझी काहीच हरकत नाही. हे घर नीट लावणं झालं.

बी ७०२ : दादा, मला फेंगशुईतलं हेच जपण्यासारखं वाटतं, आणि बाजारात नेमकं हेच हरवतं. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागातल्या जुन्या गावांमागे टेकडीवर फेंगशुईचं रान असतं. गावाला पाठ मिळावी म्हणून राखलेलं, पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेलं. त्यानं उताराची माती धरून ठेवली, वादळाचा वारा अडवला. आसपासचे डोंगर उघडे पडले तरी ही रानं उरली, आज अभ्यासक तिथे झाडं मोजायला जातात. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा आजोळची देवराईच आठवली. तिथेही देवाच्या भीतीनं काटकी उचलत नाहीत आणि म्हणून झरा टिकलाय.

ए १०३ : आमच्या गावची देवराई मी लहानपणी पाहिली आहे. बरोबर बोललात. ५०३, मी सकाळी यम काढायला नको होता. आधीच घाबरलेल्या माणसाला अजून भीती घातली.

बी ५०३ : काका, असं नका म्हणू. तुम्ही आपलेपणानं सांगितलंत.

सचिव (ए ३०१) : सगळं वाचलं. ५०३, ओल किती दिवसांपासून आहे?

बी ५०३ : जुलैपासून. एकदा रजिस्टरमध्ये तक्रार लिहिली होती.

सचिव (ए ३०१) : ती राहून गेली, चूक कमिटीची आहे. तीन महिने लहान मूल त्या भिंतीशेजारी झोपलंय, हे वाचून फार वाईट वाटलं. वरचं बाथरूम ६०३ चं. ६०३, शनिवारी सकाळी ११ वाजता प्लंबर पाठवतो, घरी कुणीतरी राहा. नहाणी ट्रॅप आणि डक्टमधला पाइप दोन्ही बघायचे आहेत.

बी ६०३ : आम्ही घरीच आहोत. आमच्यामुळे होत असेल तर फरशी काढायलाही तयार आहोत.

सी २०४ : ५०३, बुरशी कोरड्या फडक्यानं झाडू नकोस, घरभर उडते. ओल्या फडक्यानं पूस आणि फडकं टाकून दे. आणि शिंकांसाठी मुलीला डॉक्टरांना दाखव.

बी ५०३ : उद्याचीच वेळ घेते. ५०४ ताई, आरसा उतरवला आहे. आजींना सांगाल का? मी स्वतः येऊन भेटू का?

बी ५०४ : या ना. सासूबाईंनी सगळं वाचून घेतलं माझ्याकडून. म्हणतात, एवढं त्रासलेलं पोर घेऊन बसली होती तर बेल का नाही वाजवली. पलंग हलेपर्यंत मुलीला आमच्या हॉलमध्ये झोपवा. आमच्याकडे पूर्वेचा वारा येतो.

बी ५०३ : काय बोलू. येते अर्ध्या तासात तिला घेऊन.

बी ७०२ : पलंग हलवायला शनिवारी मी आणि हे दोघं येतो. प्लंबरचं काम झालं की कपाट आधी खिडकीवरून काढू.

बी ५०३ : डोकं मग कुठल्या भिंतीला करायचं ताई?

ए १०३ : उत्तरेला नको हो, एवढं माझं ऐका.

ए ९०१ : नकाशा बघितला. पूर्वेची भिंत आतली आहे, तापत नाही, वर बीम नाही आणि तिथून दार दिसतं.

बी ७०२ : मग पूर्वच.