मदत हवी आहे : आतोबांच्या संग्रहातील जुने रेडिओ व्हॉल्व्ह कसे ओळखावेत आणि त्यांची किंमत कशी ठरवावी?

सप्रेम नमस्कार.

माझे आतोबा सोलापुरातील एका कापडगिरणीच्या विद्युत विभागात नोकरीला होते आणि पाळी संपल्यानंतरचा त्यांचा बहुतेक वेळ रेडिओपुढे जाई. शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्रे ऐकून त्यांना श्रवणवृत्त पाठवणे, उत्तरादाखल येणारी कार्डे वहीत लावून ठेवणे, स्वतः ॲम्प्लिफायर बांधणे आणि ओळखीपाळखीच्या लोकांचे रेडिओ दुरुस्त करून देणे, हा त्यांचा छंद होता. ते आता हयात नाहीत. आत्या मुलाकडे पुण्याला राहायला जाणार असल्याने रेल्वे लाइन्समधील घर रिकामे करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात पत्र्याची एक ट्रंक आणि दोन लाकडी खोकी भरून सुमारे दीडशे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या निर्वात नळ्या, निघाले. मी बँकेतून निवृत्त झालो असून विजेच्या बाबतीत फ्यूजची तार बदलण्यापलीकडे माझी मजल जात नाही, म्हणून येथील जाणकारांना तसदी देत आहे.

घाई होण्याचे कारण असे की, एका खरेदीदाराने छायाचित्रे पाहून सगळ्या मालाची उक्ती किंमत सांगितली आहे. या वस्तू आता कोणी वापरत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. परंतु त्याच संभाषणात ईसीसी ८३ कोरे किती आहेत आणि ईएल ३४ च्या जोड्या आहेत का, हे त्याने पुन्हा पुन्हा विचारले. कोणी वापरत नसलेल्या मालाची एवढी नेमकी चौकशी कशासाठी, हे मला उमगलेले नाही. येणारी रक्कम आत्याची आहे. माझी स्वतःची असती तर मी एवढा खल केला नसता.

मालाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. सर्वांत मोठा गठ्ठा करंगळीएवढ्या जाडीच्या, नऊ पायांच्या व्हॉल्व्हचा आहे. त्यांवर ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२, ईएल ८४, यूसीएच ८१, यूसीएल ८२, पीसीएल ८२ अशी नावे आहेत आणि बऱ्याच जणांवर बीईएल असे छापलेले आहे. दुसऱ्या गठ्ठ्यात काळ्या बुडाचे, आठ पायांचे मोठे व्हॉल्व्ह असून त्यांवर ६व्ही६जीटी, ५वाय३जीटी, ६एसएन७ ही नावे वाचता येतात. डीके ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ अशा नावांचे, सात पायांचे काही नाजूक नग कापसात गुंडाळलेले आहेत. डोक्यावर धातूची टोपी असलेले पाच-सहा मोठे व्हॉल्व्ह ८०७ या क्रमांकाचे आहेत, त्यांपैकी दोघांवर व्हीटी १०० असेही लिहिले आहे. याखेरीज एक मोठा फुगा असा आहे की तो कलता केला असता आत पाऱ्यासारखा चमकदार थेंब सरकताना दिसतो. काही व्हॉल्व्हवरची छपाई पूर्णपणे पुसली गेली आहे.

यांपैकी मोलाचे कोणते, चालू आहेत की नाहीत हे घरच्या घरी कितपत कळू शकते, आणि उक्ता व्यवहार करावा की निवडून विकावे, याबाबत मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद (पुणे)

आपण खरेदीदाराला अद्याप होकार दिलेला नाही, हे उत्तम झाले. त्याने विचारलेले दोन्ही क्रमांक हेच आपल्या बहुतेक शंकांचे उत्तर आहे. रेडिओ ऐकण्यासाठी व्हॉल्व्ह विकत घेणारे आज थोडे असले, तरी गिटारचे ॲम्प्लिफायर वाजवणारे आणि घरी व्हॉल्व्हचा ध्वनिसंच बाळगणारे लोक जगभर आहेत आणि त्यांना नेमके ध्वनीचे व्हॉल्व्ह लागतात. त्यामुळे किंमत वयावर ठरत नाही. तो व्हॉल्व्ह आज कोणत्या यंत्रात बसतो, यावर ठरते. १९४० चा दुर्मीळ रेडिओ-व्हॉल्व्ह पडून राहतो आणि १९६५ चा कोरा ईसीसी ८३ हातोहात जातो.

आता ओळख. ईसीएच, यूसीएल यांसारखी नावे युरोपीय पद्धतीची आहेत आणि त्यांतील प्रत्येक अक्षराला अर्थ आहे. पहिले अक्षर तापतारेचे, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारेचे, असते. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, डी म्हणजे सुमारे १.४ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिॲम्पिअरची आणि पी म्हणजे ३०० मिलिॲम्पिअरची माळ (सर्व तापतारा एकामागे एक जोडलेल्या). ६.३ हा चमत्कारिक आकडा मोटारीच्या तीन घरांच्या बॅटरीवरून आला, कारण एकेक घर साधारण २.१ व्होल्ट देते. त्यापुढची अक्षरे आतल्या रचनेची असतात. सी म्हणजे ट्रायोड (तीन अग्रांचा), एफ म्हणजे पेंटोड (पाच अग्रांचा), एल म्हणजे लाउडस्पीकर हलवणारा शक्तिशाली पेंटोड, एच म्हणजे केंद्राची कंप्रता बदलणारा हेक्झोड किंवा हेप्टोड (सहा किंवा सात अग्रांचा), बी म्हणजे जोड-डायोड (दोन अग्रांचे दोन भाग), झेड म्हणजे उलटसुलट विजेच्या दोन्ही अर्धलहरी एका दिशेच्या करणारा रेक्टिफायर आणि एम म्हणजे केंद्र नीट लागले की मिटत जाणारा हिरवा मॅजिक आय. अक्षरांनंतरचा ८ हा आकडा नऊ पायांच्या काचेच्या बुडाचा, ९ हा सात पायांच्या बुडाचा आणि ३ हा आठ पायांच्या बुडाचा. म्हणजे ईसीसी ८३ या नावातच ६.३ व्होल्ट, दोन ट्रायोड आणि नऊ पाय हे सगळे आले. अमेरिकी पद्धतीत एवढी शिस्त नाही. तेथे पहिला आकडा तापतारेचे अंदाजे व्होल्ट सांगतो, बाकीचे पाठच करावे लागते. एकाच व्हॉल्व्हला दोन्ही नावे असू शकतात. ईसीसी ८३ म्हणजे १२एएक्स७, ईएल ८४ म्हणजे ६बीक्यू५ आणि ईएल ३४ म्हणजे ६सीए७. पुठ्ठ्याच्या डबीवर एक आणि काचेवर दुसरे नाव दिसल्यास माल बदलला गेला, असे समजू नये.

आपल्या यादीतील ईसीएच ८१, ईबीएफ ८९ आणि ईसीएल ८२ हे त्या काळच्या घरगुती रेडिओंतील नेहमीचे गडी आहेत. यू अक्षराचे व्हॉल्व्ह ट्रान्सफॉर्मर नसलेल्या स्वस्त संचांतील असतात. त्या संचांची लोखंडी बैठक थेट विजेच्या तारेशी जोडलेली असते, तेव्हा तसा एखादा रेडिओ घरात निघाल्यास लावून पाहू नये. हे सगळे व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला हवे असतात, पण भरपूर उपलब्ध असल्याने भाव बेताचा असतो. पी अक्षराचे बहुतेक व्हॉल्व्ह कृष्णधवल दूरचित्रवाणी संचांतले. त्यांच्यासाठी फार आशा बाळगू नये. ईएल ८४, ६व्ही६जीटी, ६एसएन७ आणि ५वाय३जीटी मात्र लगेच बाजूला काढा. आतोबा ॲम्प्लिफायर बांधत असत असे आपण लिहिले आहे, त्यामुळे ईसीसी ८३, ईसीसी ८२ आणि ईएल ३४ ट्रंकेच्या तळाशी असण्याची दाट शक्यता आहे. खरेदीदाराने ते आपल्या छायाचित्रांत कदाचित आधीच पाहिले असतील.

बीईएल म्हणजे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. "देशी माल" म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. माझ्या मते ते उत्तम व्हॉल्व्ह होते आणि परदेशातही त्यांना गिऱ्हाईक आहे.

८०७ हा १९३६ सालचा अमेरिकी व्हॉल्व्ह. व्हीटी १०० हा त्याचाच अमेरिकी सैन्यातील क्रमांक. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचा उरलेला माल बाजारात आला, त्यातून हे नग हौशी लोकांच्या हाती पडले. आपल्याकडच्या कित्येक हॅमचे (हौशी रेडिओ-प्रक्षेपकांचे) पहिले प्रक्षेपक ८०७ वरच चालले. उत्पादन प्रचंड झाले असल्याने भाव मध्यम असतो, परंतु घेणारा मिळतो.

चमकणारा थेंब हा पाराच आहे. तो बहुधा ८६६ जातीचा पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर असावा. तो उभा ठेवावा, टपालाने कोणाला पाठवू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. फुटल्यास खोलीची खिडकी उघडून बाहेर यावे. केरसुणी फिरवू नये.

प्रतिसाद (सांगली)

वरील प्रतिसाद परिपूर्ण आहे. मी केवळ तपासणीविषयी लिहितो.

प्रथम काचेच्या आतला चंदेरी डाग पाहा. तो बेरियमचा असून आत उरलेली हवा शोषण्यासाठी असतो. डाग आरशासारखा चकचकीत असेल तर निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली आहे आणि त्या व्हॉल्व्हचे काही होऊ शकत नाही. चकचकीत डाग हा व्हॉल्व्ह चांगला असल्याचा पुरावा नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

त्यानंतर मल्टिमीटरने तापतार तुटली आहे का ते पाहता येते. व्हॉल्व्हचे पाय आपल्या तोंडाकडे करून, पायांमधल्या मोकळ्या जागेपासून किंवा मधल्या खुंटीवरच्या उंचवट्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजावे. ईएल ८४ ची तापतार ४ आणि ५ क्रमांकांच्या पायांवर असते; ईसीसी ८३ ची तेथेच असून तिचा मध्य ९ वर निघतो. ६व्ही६ आणि ईएल ३४ ची २ आणि ७ वर, ५वाय३ ची २ आणि ८ वर. गार असताना रोध एक-दोन ओहम किंवा थोडा अधिक दाखवला तर तार शाबूत आहे. डी अक्षराच्या कापसातल्या व्हॉल्व्हवर काटा असलेला जुना मीटर सर्वांत खालच्या ओहम पट्टीवर लावू नये. डीके ९६ ची तार अवघ्या २५ मिलिॲम्पिअरची आहे आणि काही जुने मीटर त्या पट्टीवर त्याच्या कितीतरी पट प्रवाह सोडतात. तपासता तपासता तार जळायची. वीज न पोहोचलेल्या खेड्यांत जे बॅटरीचे रेडिओ असत, त्यांत हे व्हॉल्व्ह लागत. आतोबांनी ते कापसात ठेवले, यावरून त्यांना त्यांची जात पक्की ठाऊक होती.

तार शाबूत असली म्हणजे व्हॉल्व्ह चांगला असे नव्हे; त्यात दम किती उरला आहे ही त्यापुढची गोष्ट. ते कळण्यासाठी व्हॉल्व्ह टेस्टरच लागतो. तपासणीचे आकडे लिहिलेला व्हॉल्व्ह आणि न तपासलेला व्हॉल्व्ह यांच्या भावात मोठे अंतर पडते. ईएल ३४ आणि ईएल ८४ सारख्यांच्या बाबतीत तर आकडे जुळणारी जोडी सुट्या दोन नगांपेक्षा अधिक दाम मिळवून देते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले, डबीबंद ईसीसी ८३ खरोखरच निघाले आणि ईएल ३४ चे चार नगही मिळाले. पांढरा डाग पडलेले व्हॉल्व्ह वेगळे केले असून पाऱ्याचा फुगा कपाटात उभा ठेवला आहे. आता प्रश्न छपाई पुसलेल्या व्हॉल्व्हचा उरतो. ते पुसून स्वच्छ केल्यास नाव दिसेल काय? तसेच एकाच कंपनीचे नाव असलेल्या दोन ईसीसी ८३ ची आतली बांधणी मला वेगळी दिसते, ते कसे?

प्रतिसाद (पुणे)

पुसू नका. उरलीसुरली छपाई फडक्याबरोबर निघून जाईल आणि मग किंमतही जाईल. काचेवर तोंडाची वाफ सोडून तिरप्या उजेडात पाहिल्यास पुसलेले अक्षर बरेचदा क्षणभर उमटते. तेवढ्यात छायाचित्र घ्यावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की कंपन्या एकमेकींचा माल घेऊन त्यावर आपले नाव छापत असत, त्यामुळे मोठ्या अक्षरांतील नावापेक्षा बांधणी आणि बारीक खुणा अधिक खऱ्या. फिलिप्स आणि मुलार्डच्या व्हॉल्व्हवर काचेच्या खालच्या बाजूस दोन ओळींत राखाडी संकेत असतो. वरच्या ओळीत जात, खालच्या ओळीत कारखाना, वर्ष, महिना आणि आठवडा. बी हे अक्षर इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्याचे, तर त्रिकोणी खूण हॉलंडमधील हेर्लेनची. वर्षाचा एकच आकडा असतो, म्हणून ४ वरून १९६४ की १९७४ हे बांधणी पाहूनच ठरवावे लागते. टेलिफुंकेनच्या अशा लहान व्हॉल्व्हच्या बुडाशी पायांच्या मधोमध काचेतच चौकटच्या आकाराची खूण उठवलेली असते; ती आढळल्यास तो नग वेगळा ठेवा आणि सुटा विका.

भाव पाहताना विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती पाहू नयेत. त्या कोणीही काहीही लावतो. संकेतस्थळांवर प्रत्यक्ष विक्री झालेल्या व्यवहारांचे आकडे वेगळे पाहता येतात, तेच खरे मानावेत. डबीबंद म्हणून मांडलेला नग डबीतून काढून पायांवर ओरखडे आहेत का, हेही पाहून ठेवा. वापरलेले व्हॉल्व्ह जुन्या डब्यांत घालून ठेवण्याची सवय आम्हा दुरुस्तीवाल्यांना फार असते.

धागाकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे वाफ सोडून पाहिले आणि बिननावाच्या व्हॉल्व्हपैकी निम्म्याहून अधिक ओळखता आले. आत्याशी बोलून असे ठरवले आहे की उक्ता व्यवहार करायचा नाही. ध्वनीचे व्हॉल्व्ह आणि ८०७ तपासून घेऊन सुटे विकायचे. त्याच खरेदीदाराला ईसीसी ८३ आणि ईएल ३४ ची स्वतंत्र किंमत सांगण्यास कळवले आहे आणि त्याने दोन दिवसांची मुदत मागितली आहे. ईसीएच, ईबीएफ आणि यू गटातील व्हॉल्व्ह जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणाला हवे असल्यास आत्या ते विनामूल्य देण्यास तयार आहे. केवळ सोलापुरात येऊन न्यावे लागतील. सोलापूर, बार्शी, पंढरपूर किंवा धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) भागात कोणाकडे चालू स्थितीतील व्हॉल्व्ह टेस्टर असल्यास कृपया येथे कळवावे. व्हॉल्व्ह घेऊन मी स्वतः येईन आणि तपासणीचे जे काही शुल्क असेल ते देईन.