मदत हवी आहे: कन्हानसाठी कयाक कोणती घ्यावी?

मंडळी, कन्हान-वैनगंगेत गळ टाकायला कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) घ्यायची आहे. सिट-ऑन-टॉपच (आत न शिरता वर उघड्यावर बसायची) घेणार. उलटली तरी पुन्हा चढता येतं, आत आलेलं पाणी भोकांतून आपोआप निघून जातं. अडलंय लांबीवर. 10 फुटी वळायला सोपी, 12 फुटी सरळ चालते. पण उन्हाळ्यात आपली कन्हान म्हणजे रेती अन् घोटाभर पाणी, पायाने पेडल मारायची, खाली पाण्यात पाती असलेली तर नुसती घासत जाईल. हवा भरायची डिक्कीत मावते खरी, पण काठावरच्या बाभळीच्या काट्यांचं काय? मरळ ओढताना डुगडुगायला नको. शिवाय खुर्चीच्या पाठीला न अडणारं, मागे उंचावर फोम असलेलं लाइफ जॅकेट कुठे मिळेल? नागपुरात कोणाकडे कयाक असेल तर एकदा बसून पाहू द्या नं भाऊ. (पेंचचं तोतलाडोह धरण सुचवू नका, तिथे मासेमारीला बंदी आहे.)